हीटर कॉइल बदलताना एसीचे काय करायचे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

थंडी जवळ आली की केबिनमधल्या हीटरविषयी पत्रे येऊ लागतात आणि त्यांतील बऱ्याच पत्रांचा शेवट एसीवर होतो. यात नवल नाही. डॅशबोर्डच्या मागे प्लास्टिकची एक पेटी असते. ब्लोअरने ढकललेली हवा तिच्यात आधी एसीच्या कूलिंग कॉइलमधून आणि मग हीटर कॉइलमधून जाते. पहिल्या कॉइलमध्ये एसीचा गॅस फिरतो, तर दुसऱ्या कॉइलमध्ये इंजिनाचे गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव. अलीकडच्या बहुतेक ट्रकांत आणि पिकअपांत ही दोन्ही कॉइल त्या एकाच पेटीत शेजारी शेजारी बसवलेली असल्याने एकीला हात लावायचा म्हटले की दुसरीचा विचार करावाच लागतो.

प्रश्न : आमचा दहाचाकी ट्रक हिवाळ्यात लासलगावहून कांदा घेऊन जम्मूपर्यंत आणि कधी पुढे श्रीनगरपर्यंत जातो. क्लीनरच्या पायाखालचे मॅटिंग सतत ओले असते, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुरकटपणा येतो आणि कूलंट वरचेवर कमी होते. वाटेत एका मिस्त्रींनी रेडिएटरमध्ये हळद टाकून दिली, तिने काही दिवस काम भागले. आता गावातले मिस्त्री म्हणतात की हीटरचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाका, कॉइल बदलण्याच्या भानगडीत पडू नका. काय करावे? — एक ट्रकमालक, जि. नाशिक

उत्तर : आपण दिलेली तिन्ही लक्षणे एकत्र पाहता हीटर कॉइलच गळत असावी, परंतु डॅशबोर्ड उघडण्याआधी खात्री करून घेणे स्वस्तात पडते. मॅटिंग ओले होण्याचे दुसरे आणि अधिक साधे कारण म्हणजे एसीच्या पाण्याची निचरा-नळी तुंबणे. कूलिंग कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ते एका लहान रबरी नळीतून गाडीखाली पडते. ती नळी चिखलाने बुजली की तेच पाणी केबिनमध्ये उतरते. हे पाणी स्वच्छ व बिनवासाचे असते आणि एसी चालू असतानाच येते. कूलंट मात्र बोटांना चिकट लागते, त्याला रंग असतो आणि गोडसर वास येतो. पांढरा कागद किंवा सुती फडका मॅटिंगवर दाबून पाहावा. तरीही शंका राहिली तर इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावून झाकणावर छापलेल्या दाबाइतका दाब द्यावा व काटा खाली येतो का ते पाहावे. इंजिन गरम असताना झाकण उघडण्याचा मोह कोणीही करू नये.

चाटून पाहण्याची सवय काही मिस्त्र्यांना असते, ती सोडावी. कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते आणि मूत्रपिंडांवर घात करते. सांडलेले कूलंट कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागणार नाही अशी काळजीही त्याच कारणासाठी घ्यावी.

हळदीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा उपाय आपल्याकडे महामार्गावरच्या प्रत्येक दुसऱ्या ढाब्यावर सांगितला जातो. हळदीची पूड पाण्यात फुगते आणि बारीक छिद्रापाशी अडकून ते बुजवते, एवढे खरे आहे. आडरानात अडकलेल्या माणसाने पुढच्या गावापर्यंत पोहोचण्यासाठी ती वापरली तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु छिद्र आणि नळी यांत फरक करण्याची बुद्धी हळदीला नसते. हीटर कॉइलच्या चपट्या नळ्या संपूर्ण कूलिंग व्यवस्थेत सर्वांत अरुंद जागांपैकी असतात. पूड तेथेच साचते आणि उरलेली रेडिएटरमध्ये बसते. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद पुड्या आणि द्रव यांचेही तेच. म्हणून आपल्या गाडीत नवी कॉइल बसवण्याआधी संपूर्ण व्यवस्था स्वच्छ पाण्याने उलट्या दिशेनेही धुऊन घ्या, नाहीतर इंजिनाच्या जॅकेटमध्ये (इंजिनाभोवतीच्या कूलंटच्या वाटांत) राहिलेला गाळ नव्या कॉइलमध्ये जाऊन बसेल.

आता बायपासचा प्रश्न. दोन्ही पाइप एकमेकांना जोडल्याने गळती थांबते, इंजिनाला सहसा काही होत नाही आणि जी गाडी वर्षभर सोलापूर-लातूर पट्ट्यात चालते तिच्या मालकाने हा मार्ग पत्करला तर मी त्याला अडवणार नाही. कोकणातील पावसाळ्यात काचेवरचे धुके एसी चालू ठेवूनही जाते, कारण कूलिंग कॉइल हवेतील ओल काढून घेते. आपली गाडी मात्र बनिहालच्या पलीकडे जाते. काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्ले कलाँ सुरू होतो, पारा शून्याखाली उतरतो आणि तेथे हीटर हा चैनीचा भाग राहत नाही. काचेवर आतून गोठणारी वाफ वितळवण्याचे तेच एक साधन असते. त्यामुळे आपण कॉइल बदलावी असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून तातडीची गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण ती मला दिसते. कूलंट वरचेवर कमी होते, म्हणजे वाटेत आपले चालक त्यात साधे पाणी घालत असणार. प्रत्येक वेळी ग्लायकॉलचे प्रमाण घटत जाते. ग्लायकॉल आणि पाणी निम्मे निम्मे असताना मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. निव्वळ पाणी शून्यालाच गोठते, गोठताना फुगते आणि त्या फुगण्याने रेडिएटर, हीटर कॉइल, प्रसंगी इंजिनाचा ब्लॉकही फुटतो. कॉइल बदलेपर्यंत बायपास करून गाडी पाठवायचीच असेल, तरी उत्तरेकडे निघण्यापूर्वी कूलंट पूर्ण काढून योग्य प्रमाणाचे नवे भरा. आणि बोअरचे पाणी वापरू नका. आपल्याकडील बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. ते गरम नळ्यांच्या आतून थर धरतात आणि ॲल्युमिनियमला आतून खातात. बॅटरीसाठी मिळते तसले क्षारमुक्त पाणी घ्यावे किंवा आधीच मिसळलेले तयार कूलंट घ्यावे. हिरवे, लाल, गुलाबी हे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंग जुळला म्हणजे जात जुळली असे समजू नये. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार पाहूनच खरेदी करावी. न जुळणारी कूलंटे एकत्र आली तर कधी कधी साका धरतो आणि तोही अखेर हीटर कॉइलमध्येच अडकतो.

प्रश्न : माझ्या पिकअपची हीटर कॉइल बदलायची आहे. मिस्त्री म्हणतात की त्यासाठी एसीचा गॅस सोडावा लागेल. ते नट सैल करून गॅस हवेत सोडतील व काम झाल्यावर पुन्हा भरून देतील. दुसरे एक मिस्त्री म्हणतात की एसीला हात न लावता पेटी कापून कॉइल काढता येते. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोघांचेही पूर्णपणे ऐकू नये. पहिल्यांदा हे पाहावे की आपल्या गाडीत हीटर कॉइल कोठून निघते. काही गाड्यांत ती ग्लोव्ह बॉक्समागच्या किंवा पायाजवळच्या झाकणातून बाजूला सरकवून काढता येते. तेथे कूलंट काढणे, फायरवॉलजवळचे (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीजवळचे) दोन होज, म्हणजे रबरी पाइप, सोडणे आणि काही स्क्रू काढणे एवढेच काम असते व एसीचा संबंध येत नाही. काही गाड्यांत संपूर्ण पेटी बाहेर काढावी लागते. पेटी निघण्यासाठी कूलिंग कॉइलचे दोन ॲल्युमिनियमचे पाइप फायरवॉलपाशी सुटावे लागतात आणि ते सोडायचे म्हणजे एसीची व्यवस्था उघडणे आले. पाइप न सोडता पेटी थोडी वाकवून, ओढून काम भागवण्याचा प्रयत्न मी पाहिला आहे. त्यात कूलिंग कॉइलच्या पाइपाला सांध्यापाशी भेग पडते आणि वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च पुढे येतो.

पेटी कापण्याला माझा सरसकट विरोध नाही. ज्या गाडीचे फार आयुष्य उरलेले नाही आणि जिची पेटी अशा जागी कापता येते की कापलेला तुकडा नंतर स्क्रू व सीलंट लावून घट्ट बसेल, तिच्याबाबत हा व्यवहार्य तोडगा ठरू शकतो. परंतु करवत किंवा कटर नेमका कूलिंग कॉइलच्या दिशेने सरकला तर पाते कोठे थांबेल याची हमी मिस्त्री देणार आहेत का, हे आधी विचारावे.

गॅस हवेत सोडण्याची पद्धत मात्र टाकून द्यावी. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. त्याने ओझोनचा थर विरत नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पट आहे. असे वायू कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारातील किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून या कुळातील वायूंचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करण्याचे ठरले आहे. आपल्या खिशाच्या दृष्टीने पाहिले तरी तो गॅस पैसे देऊन भरलेला असतो, आणि रिकव्हरी यंत्र असलेल्या एसीच्या दुकानात तो काढून, गाळून पुन्हा भरता येतो. शिवाय सामान्य दाबाला हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. नट सैल करताना द्रवरूपातील गॅस हातावर किंवा डोळ्यात उडाला तर त्वचा गोठून इजा होते. तेव्हा गाडी आधी एसीवाल्याकडे न्यावी, गॅस काढून घ्यावा, मग मिस्त्रींकडे डॅशबोर्डचे काम करून घ्यावे आणि शेवटी पुन्हा एसीवाल्याकडे जावे. दोन फेऱ्या होतात, त्याला इलाज नाही.

व्यवस्था उघडल्यावर खरी काळजी हवेतील ओलाव्याची. आर-१३४एसोबत वापरले जाणारे पॅग ऑइल, म्हणजे कॉम्प्रेसरचे तेल, हवेतील पाणी शोषून घेते, म्हणून पाइप सुटल्या क्षणी दोन्ही तोंडांना प्लास्टिकच्या टोप्या किंवा घट्ट चिकटपट्टी लावावी. पावसाळ्यातल्या कोल्हापुरात तर हे विसरूच नये. सांध्यांतील जुन्या ओ-रिंग (रबरी कड्या) पुन्हा बसवू नयेत. नव्या ओ-रिंग एसीसाठी बनवलेल्याच घ्याव्यात आणि त्यांना एसीचे तेल लावून बसवाव्यात. एसीच्या पाइपांमधला ड्रायर बदलावा, कारण त्यातील ओल शोषणारे दाणे एकदा भरले की निकामी होतात. त्यानंतर व्हॅक्यूम पंप निदान अर्धा-पाऊण तास चालवावा. गेजचा काटा तळाला पोहोचला म्हणून पंप लगेच बंद करणारे कारागीर बरेच असतात; परंतु व्हॅक्यूमचे काम आत राहिलेले पाणी कमी दाबाला उकळवून बाहेर काढणे हे असते आणि त्याला वेळ लागतो. पंप बंद केल्यावर काटा जागचा हलता कामा नये. हलला तर गळती आहे, आणि गळतीवर गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

गॅस वजन करून भरावा. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा दिलेला असतो. केवळ गेज पाहून किंवा पाइपाला हात लावून ‘आता गार लागतो’ म्हणत भरलेला गॅस बहुतेकदा कमी किंवा जास्त होतो आणि जास्त झालेला गॅसही थंडावा घटवतोच. सिलिंडरही पाहून घ्यावा. आर-१३४एच्या नावाखाली भेसळीचा माल विकला जातो आणि त्यात कधी मिथाइल क्लोराइड असते, जे ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करून हवेत पेट घेणारी संयुगे तयार करते. २०११ मध्ये अशाच भेसळीमुळे व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये शीत-कंटेनरांची यंत्रे फुटून कामगार दगावले होते. म्हणून फारच स्वस्त गॅस संशयास्पद समजावा.

राहिला एक निर्णय. पेटी बाहेर आलीच आहे तर कूलिंग कॉइलही बदलावी का? गाडी नवी असेल आणि कॉइलवर तेलाचे डाग नसतील तर धुऊन पुन्हा बसवावी. पण आठ-दहा वर्षे धुळीत चाललेल्या गाडीची कूलिंग कॉइल मी तरी परत आत ठेवणार नाही. तिच्या किमतीपेक्षा डॅशबोर्ड पुन्हा उघडण्याची मजुरी जास्त असते. नवी कॉइल बसवल्यास पुस्तिकेत दिले असेल तेवढे तेल वाढवायला सांगावे.

प्रश्न : आमच्या पिकअपची हीटर कॉइल बदलून आणल्यापासून एसी पूर्वीसारखा थंड करत नाही. गॅस बरोबर भरला आहे असे दुकानदार दोनदा तपासून सांगतात. शिवाय पायाखाली पुन्हा ओल दिसते. नवी कॉइलही गळते आहे का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : गॅस खरोखर बरोबर असेल तर दोष बहुधा पेटी जोडताना राहिला आहे. पेटीच्या आत एक झडप असते, ती हवा किती प्रमाणात हीटर कॉइलमधून न्यायची हे ठरवते. तिची केबल किंवा मोटर एक दात इकडे-तिकडे बसली तर झडप पूर्ण मिटत नाही आणि कूलिंग कॉइलने थंड केलेली हवा पुढे गरम कॉइलवरून जाऊन पुन्हा तापते. तपासणी सोपी आहे. एसी चालू ठेवून, तापमानाचा खटका पूर्ण थंडावर ठेवून, बॉनेटखाली हीटरकडे जाणारा होज योग्य पकडीने काही मिनिटे दाबून धरावा. समोरून येणारी हवा लक्षणीय थंड झाली तर दोष झडपेचा आहे. दुसरी शक्यता पेटीच्या सांध्यांवरील फोमच्या पट्ट्यांची: त्या जुन्या होऊन भुगा झालेल्या असतात, जोडताना नव्या लावल्या नाहीत तर हवा कॉइलला वळसा घालून निघते.

ओल बिनवासाची असेल तर निचरा-नळी पेटीच्या तोंडावर परत बसवलेली नाही, हे जवळजवळ निश्चित समजावे. रत्नागिरीच्या दमट हवेत कूलिंग कॉइलवर इतके पाणी जमते की ती नळी सुटली असेल तर एका फेरीतच मॅटिंग भिजते.

प्रश्न : नव्या ट्रकना एसी सक्तीचा झाला असे वाचले. माझा ट्रक २०१९ चा असून त्यात एसी नाही. मला तो बसवावा लागेल का? बसवायचा झाल्यास पिकअपचे स्वस्तातले सामान चालेल का? — एक वाहतूक व्यावसायिक, जालना

उत्तर : लागणार नाही. केंद्राच्या डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेतील अट १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातील, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहनांच्या केबिनला लागू आहे. स्वखुशीने बसवायचा असेल तर विद्युतदाब पाहावा: मोठ्या ट्रकांत सहसा २४ व्होल्टची व्यवस्था असते आणि पिकअपांत १२ व्होल्टची, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या क्लचची कॉइल, ब्लोअरची मोटर व रिले एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो. येथे जुना पिकअप घेतला असून त्याचा हीटर गळतो. काम स्वतः करण्याचा विचार आहे. एसीविषयी येथील नियम वेगळे आहेत का? — एक वाचक, डेट्रॉइट परिसर

उत्तर : होय, आणि ते कडक आहेत. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार एसीचा गॅस जाणूनबुजून हवेत सोडणे बेकायदा आहे, मग गाडी स्वतःची असली तरी. मोबदला घेऊन वाहनांचा एसी दुरुस्त करणाऱ्याला त्या कायद्याच्या ६०९ व्या कलमाखाली प्रमाणपत्र असावे लागते. म्हणून गॅस प्रमाणित दुकानातून काढून घ्या आणि बाकीचे काम घरी करा.

आपण गाडीचे वर्ष लिहिलेले नाही आणि सगळे त्यावर अवलंबून आहे. १९८७ ते १९९६ या काळातील फोर्ड एफ-१५० असेल तर आपण सुदैवी आहात: हीटर कॉइल ग्लोव्ह बॉक्समागच्या झाकणातून निघते, कूलिंग कॉइल फायरवॉलच्या इंजिनाकडील बाजूला वेगळी असते आणि एसी उघडावा लागत नाही. १९९४ ते २००१ मधील डॉज रॅम असेल तर डॅशबोर्ड मागे ओढून पूर्ण पेटी काढावी लागते व गॅस काढणे अटळ ठरते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्यांत आर-१२ हा जुना गॅस असू शकतो. तो आर-१३४एमध्ये मिसळता येत नाही. अलीकडच्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो आणि त्याच्या जोडण्याच वेगळ्या आकाराच्या असतात.

एअरबॅग असलेल्या गाडीत स्टेअरिंग किंवा डॅशबोर्डला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे टोक सोडून पुस्तिकेत दिला आहे तेवढा वेळ थांबावे. फायरवॉलपाशी वर्षानुवर्षे चिकटलेले होज पिळून ओढू नका. होजला लांबीच्या दिशेने पात्याने चीर देऊन तो सोलून काढा, कारण पिळल्याने आतली पातळ नळी वाकते आणि नवी कॉइल बसवण्याआधीच तुटते. शेवटी कूलंट भरताना गाडीचे तोंड चढावर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप) उघडेपर्यंत हळूहळू भरत राहा. हीटरचे दोन्ही होज सारखेच गरम लागले तर आतली हवा निघाली असे समजावे. एक गरम व एक कोमट राहिला तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि कूलंटची पातळी पुन्हा पाहावी.